जुना ऑडिओ अ‍ॅनालायझर आणि नवा लॅपटॉप: एकमेकांशी बोलत का नाहीत?

खरखर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

एक प्रयोगशाळा बंद झाली, तिथल्या आवराआवरीत एचपी ८९०३बी हा ऑडिओ अ‍ॅनालायझर (अ‍ॅम्पसारख्या उपकरणांना सूर देऊन बाहेर काय येतं ते मोजणारं यंत्र) माझ्या वाट्याला आला. १९८० च्या दशकातलं धूड आहे, उचलताना कंबर बोलते. पण चालतो झकास. त्याचाच जनरेटर त्याच्याच इनपुटला जोडला की डिस्टॉर्शन (मूळ सुरात मिसळलेली भेसळ) ०.००४ टक्क्यांच्या आसपास दिसतं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

अडचण माझ्या हातांची आहे. एक प्रीअ‍ॅम्प तपासायचा तर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दर डिकेडला (दहापटीच्या टप्प्याला) दहा, असे ३१ बिंदू. प्रत्येक वेळी फ्रीक्वेन्सी दाबा, आकडा स्थिरावायची वाट बघा, वहीत लिहा, मग स्प्रेडशीटमध्ये चढवा. काल चौदाव्या बिंदूला फोन आला आणि त्यानंतरचे सतरा आकडे वहीत एकेक ओळ वर सरकले. आलेख काढल्यावर कळलं.

मागे २४ पिनांचा जीपीआयबी पोर्ट आहे (मोजयंत्रं आणि संगणक एकाच सामायिक तारांच्या 'बस'वर जोडायची जुनी सोय). यूएसबी-जीपीआयबी अ‍ॅडॉप्टर आणला (प्रोलॉजिक्सच्या धर्तीचा, टर्मिनलमध्ये ++ ने सुरू होणाऱ्या कमांडी घेणारा). लॅपटॉपला तो दिसतो. पण यंत्राला '*आयडीएन?' विचारलं की टाइमआउट. शंभरदा विचारलं. अ‍ॅडॉप्टर खराब की यंत्राचा पोर्ट मेलेला?

(कमांडी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन.)

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे असलं काही नाही, पण पुढचे प्रतिसाद वाचायला बसलोय.

सोल्डरधारी

दोन्ही धडधाकट असणार. हाकच चुकीची मारताय.

'*आयडीएन?' आलं आयट्रिपलई ४८८.२ बरोबर, १९८७ साली. मूळ ४८८, म्हणजे जीपीआयबीचं मानक, हे १९७५ चं, तेही एचपीने आधी घरात वापरलेल्या एचपी-आयबीवरून. त्यात फक्त तारा, व्होल्टेज, कनेक्टर आणि बाइट कसा द्यायचा-घ्यायचा एवढंच ठरलं होतं. तारेवरून काय बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. त्यामुळे तुमच्या यंत्राला 'तुझं नाव काय' हा प्रश्नच ठाऊक नाही.

वाचायचं नंतर बघू, आधी नुसतं लिहून बघा. कारखान्यातून पत्ता २८ लावून येतो. कोणी बदलला असेल तर स्पेशल फंक्शनमधून डिस्प्लेवर बायनरीत दिसतो, २८ म्हणजे १११००. मग:

++मोड १
++ऑटो ०
++ॲडर २८
एफआर५००एचझेड

शेवटची ओळ गेली की पुढच्या पॅनलवर रिमोट आणि लिसनचे दिवे लागायला हवेत आणि डाव्या डिस्प्लेवर ५०० हर्ट्झ. दिवे लागले तर पोर्ट जिवंत. लागले नाहीत तर पत्ता किंवा केबल.

खरखर

लागले!!! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. कोणाला काही कळलं नाही, पण कौतुक केलं.

आता आकडा परत कसा आणायचा?

सोल्डरधारी

अभिनंदन. आता हे:

एफआर१केझेड एपी१व्हीएल एम३ एलएन आरआर टी३
++रीड १०

तिथे १ किलोहर्ट्झ, १ व्होल्ट, एम३ म्हणजे डिस्टॉर्शन, एलएन म्हणजे टक्क्यांत (डीबीत हवं तर एलजी), आरआर म्हणजे उजवा डिस्प्ले वाच, आणि टी३ म्हणजे सिग्नल स्थिरावू दे, मग मोज. टी२ दिलंत तर न थांबता मोजेल आणि खालच्या फ्रीक्वेन्सीला थापा मारेल. माझ्या पहिल्या स्वीपला (सगळ्या फ्रीक्वेन्सींच्या फेरीला) २० हर्ट्झवर ३ टक्के डिस्टॉर्शन आलं होतं, ते या टी२ मुळे. त्या बिचाऱ्या अ‍ॅम्पचे सगळे कपॅसिटर मी बदलून टाकले होते.

'++रीड ईओआय' ऐवजी '++रीड १०' मुद्दाम. ईओआय म्हणजे 'माझं बोलणं संपलं' ही वेगळी तार. जुन्या काळी ती हलवायलाच हवी असं बंधन नव्हतं. १० म्हणजे लाइन-फीड, तिथवर वाच आणि थांब.

आणि ++ऑटो शून्यच ठेवा. एकवर ठेवलं की प्रत्येक कमांडीनंतर अ‍ॅडॉप्टर यंत्राला 'बोल, बोल' करत बसतो. त्याला बोलायचं नसतं आणि दोघे अडकतात.

दशांश

टाइमआउटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथेच कंटाळून बस सोडून देतात.

या केबलमध्ये आठ तारा डेटाच्या, पाच व्यवस्थापनाच्या आणि तीन हस्तांदोलनाच्या: डीएव्ही, एनआरएफडी, एनडीएसी. बोलणारा म्हणतो 'बाइट ठेवलाय'. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने 'घेतला' म्हटल्याशिवाय पुढचा बाइट निघत नाही. म्हणजे बसचा वेग ठरवतो तो सगळ्यात संथ गडी. एकूण १५ उपकरणं आणि २० मीटर केबल चालते ती याच शिस्तीमुळे.

संथपणा हा इथे दोष धरलेलाच नाही. यंत्र २० हर्ट्झवर मोजत असेल तर एकेक आवर्तन ५० मिलिसेकंदांचं, स्थिरावायला कित्येक आवर्तनं. तोवर ते बस धरून शांत बसतं. पण आपलं यूएसबीकडचं सॉफ्टवेअर उतावळं. प्रोलॉजिक्सच्या अ‍ॅडॉप्टरांत वाचण्याची मुदत (++रीड_टीएमओ_एमएस) ३००० मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर स्क्रिप्टमध्ये पुन्हा ट्रिगर न करता फक्त पुन्हा वाचा. पुन्हा टी३ पाठवलंत की मोजमाप पहिल्यापासून सुरू आणि तुम्ही गोल गोल फिरत राहाल.

पायथनमध्ये लिहिणार असाल तर असल्या अ‍ॅडॉप्टरसाठी पायसीरियल ही सीरियल पोर्टची लायब्ररी पुरते. पायव्हिसा (तऱ्हेतऱ्हेच्या मोजयंत्रांसाठीची मोठी लायब्ररी) छान आहे, पण एका यंत्रासाठी मला ते लग्नाचा मांडव घातल्यासारखं वाटतं.

फ्यूज_उडाला

तयार अ‍ॅडॉप्टर कशाला? आर्डुइनो नॅनो, एक २४ पिनी कनेक्टर आणि एआर४८८ हे मुक्त फर्मवेअर. कमांडी त्याच ++ वाल्या. माझा दोन वर्षं चालतोय, डबीत कोंबलाय.

दशांश

चालतो, एक-दोन यंत्रांना. बसच्या ड्रायव्हरने ४८ मिलिअँप ओढून घेता यायला हवेत असं मानक म्हणतं, आणि नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी च्या पिनेची कमाल मर्यादाच ४० आहे. चार-पाच यंत्रांची माळ लावायची असेल तर मध्ये एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ ही जोडी घाला. त्याच कामासाठी बनलेल्या चिपा आहेत.

फ्यूज_उडाला

मान्य. माळ लावायला दुसरं यंत्र तरी कुठे आहे म्हणा.

जुनं_ते_सोनं

धाग्याचं शीर्षक व्यापक आहे म्हणून माझंही रडगाणं. माझ्याकडे ऑडिओ प्रिसिजनचं सिस्टम वन आहे. मागचा पोर्ट बघून मलाही वाटलं होतं जीपीआयबीचा भाऊबंद असेल. नाही. त्याचा एपीआयबी हा वेगळा, कंपनीचा स्वतःचा. पलीकडे पीसीत आयएसए स्लॉटात बसणारं कार्ड आणि डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डॉस टाकून बघितलं. डॉस चाललं, सॉफ्टवेअरही उघडलं, पण कार्ड बसणार कुठे? एमएलएसएसए आणि एलएमएस या लाउडस्पीकर मोजणाऱ्या जुन्या कार्डांचीही हीच कथा. सॉफ्टवेअरची नक्कल होते, स्लॉटची होत नाही.

शेवटी एक जुना पेन्टियम पीसी कायमचा त्याच्या दिमतीला ठेवला. हार्डडिस्क काढून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावलं (आयडीईचे सिग्नल जुळतात, साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो), आवाज गेला आणि डिस्क मरायची धास्तीही गेली. आकडे टेक्स्ट फाइलमध्ये काढतो आणि नेटवर्कने लॅपटॉपवर आणतो. लॅपटॉपला यंत्राशी थेट बोलायचंच कशाला? दुभाष्या ठेवला की झालं.

फार वेगवान जुना पीसी मात्र घेऊ नका. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही डॉस प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन आडवे होतात. कारण गमतीशीर आहे: सुरुवातीला ते एक लूप फिरवून संगणकाचा वेग मोजतात, संगणक इतका झपाट्याने फिरतो की भागाकाराचं उत्तर त्याच्या खणात मावत नाही.

मल्टीमीटर_मावशी

आरएस-२३२ वाल्यांनाही जागा द्या रे. माझी तीन यंत्रं सीरियलवर आहेत आणि तिन्हींनी वेगवेगळ्या कारणांनी छळलं.

पहिल्याला साधी सरळ केबल चालेना, २ आणि ३ उलटसुलट करणारी नल-मोडेम केबल लागली. यंत्र स्वतःला संगणक समजतं की मोडेम, ते मॅन्युअलमध्येच बघावं लागतं. दुसऱ्याला केबल बरोबर होती, पण ७-८ वरचं हँडशेक मिळेपर्यंत ते तोंड उघडत नव्हतं. तिसऱ्याच्या वेळी माझा अ‍ॅडॉप्टरच गाढव निघाला: विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये लिहून आलं की 'पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा'. म्हणजे चिप जुनी किंवा नकली, आणि नव्या ड्रायव्हरने तिला घराबाहेर काढलेलं. एफटीडीआय चिपचा घेतला, प्रश्न मिटला.

आणि एक. यूएसबी-सीरियल म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच पट्ट्या आरएस-२३२ नसतात. ज्यांना सुट्या पिना असतात त्या ० ते ३.३ किंवा ५ व्होल्टच्या. खरं आरएस-२३२ उणे-अधिक असतं, १५ व्होल्टपर्यंत जातं. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप लागते. न लावता जोडलं तर काय होतं ते मला विचारू नका, विद्यार्थिदशेत होते.

खरखर

मंडळी, स्वीप चालला! ३१ बिंदू, तीन मिनिटांच्या आत, वहीला हात न लावता. आनंदात अर्धा तास नुसता बघत बसलो.

पण आता एक भलतंच. तोच प्रीअ‍ॅम्प, तीच १ व्होल्टची पातळी, १ किलोहर्ट्झ. हाताने मोजलं होतं तेव्हा वहीत ०.०१३ टक्के. स्क्रिप्टने ०.०३४. म्हटलं स्क्रिप्टमध्ये चूक असेल. तर पुढच्या डिस्प्लेवरही ०.०३४! जीपीआयबीची केबल उपटली, परत ०.०१३. खोचली, ०.०३४. दहा वेळा केलं.

म्हणजे मोजमाप संगणकाला कळवायला गेलो आणि मोजमापच बदललं?

सोल्डरधारी

ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या ग्राउंड दोन वाटांनी जोडल्या जाऊन झालेलं वेटोळं. मेन्सचा ५० हर्ट्झचा हम (काही देशांत ६०) आत शिरतोय. तुमच्या यंत्रात ४०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर बसवलेला असेल तर तो दाबा, आकडा खाली येईल.

खरखर

आहे. दाबला. ०.०३३.

सोल्डरधारी

हं. मग हम नाही.

नॉचफिल्टर

आधी आलेल्या घाणीचं माप काढू. डिस्टॉर्शन आणि आगंतुक वर्गांनी मिळवले जातात: ०.०३४ चा वर्ग वजा ०.०१३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ०.०३१. १ व्होल्टच्या ०.०३१ टक्के म्हणजे साधारण ३१० मायक्रोव्होल्ट. डिजिटल ग्राउंडवर एवढा गोंगाट हसत-खेळत असतो. प्रश्न एवढाच की तो कोणत्या फ्रीक्वेन्सीचा आहे.

ते बघायचं साधन तुमच्याच यंत्रात आहे. मागे मॉनिटर असं लिहिलेला आउटपुट असेल. डिस्टॉर्शन मोजताना त्यावर मूळ सूर कापून उरलेलं सगळं, मोठं करून येतं. ते साउंडकार्डात घाला आणि एफएफटी (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती, याचा आलेख) बघा. माझ्या मते या जुन्या यंत्रांचा आज सर्वात मोठा उपयोग हाच. मूळ सूर अ‍ॅनालॉग नॉचने (नेमकी एकच फ्रीक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरने) आधीच उडवलेला, त्यामुळे साधं साउंडकार्डही अशा खोलात बघतं जिथे एरवी त्याची स्वतःचीच घाण वर आली असती. इनपुटला किती व्होल्ट चालतात ते मात्र आधी वाचा, आणि मध्ये अ‍ॅटेन्युएटर असू द्या.

दशांश

थांबा, साउंडकार्डही यूएसबीचंच ना? मग दुसरा लूप जोडला. रोगी तपासायला दुसरा रोगी.

नॉचफिल्टर

अगदी बरोबर. चूक माझी. खरखर, बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर आहे का? लाइन-इन वाला. त्यात वेव्ह फाइल रेकॉर्ड करा आणि नंतर मेमरी कार्ड काढून लॅपटॉपवर न्या. तार नाही, लूप नाही.

खरखर

रेकॉर्डर होता. केलं. ओळी दिसतात २ किलोहर्ट्झ, ३, ४, ५... अगदी कंगव्यासारख्या. म्हणजे खरंच हार्मोनिक डिस्टॉर्शन आहे की हो! प्रीअ‍ॅम्पच केबल लावल्यावर बिघडतो?

नॉचफिल्टर

घाई नको. १ किलोहर्ट्झच्या पटीत काय काय येऊ शकतं? तुमच्या सुराची हार्मोनिक्स. आणि यूएसबी.

फुल-स्पीड यूएसबीचा फ्रेम दर १ मिलिसेकंदाला येतो. म्हणजे सेकंदाला हजार. प्रत्येक फ्रेमला ग्राउंडवर एक छोटा टोचा, त्याची कंगव्यासारखी ओळ १, २, ३, ४ किलोहर्ट्झ. (हाय-स्पीडला १२५ मायक्रोसेकंदांची मायक्रोफ्रेम, तिचा कंगवा ८ किलोहर्ट्झच्या पटीत.) आपण सगळे सवयीने १ किलोहर्ट्झवर मोजतो. यूएसबीची १ किलोहर्ट्झची ओळ नॉचमध्ये मूळ सुराबरोबरच कापली जाते आणि उरलेल्या ओळी हार्मोनिक्सच्या डोक्यावर नेमक्या बसतात. तोतया सापडायचा नाही असा बेमालूम वेश.

सूर हलवा. ९९७ हर्ट्झ करा. हार्मोनिक्स १९९४, २९९१ वर जातील. यूएसबी २०००, ३००० वरच राहील.

सोल्डरधारी

९९७ हा एईएस१७ या ऑडिओ मोजणीच्या मानकातला आकडा, डिजिटल मोजणीत छान. पण ८९०३बी चा जनरेटर ०.३ टक्क्यांच्या पायऱ्यांनी चालतो. १००० च्या शेजारची पायरीच तीन हर्ट्झवर, आणि फ्रीक्वेन्सीची अचूकताही तेवढीच. ओळी एकमेकींना चिकटतील. सरळ १.१ किलोहर्ट्झ घ्या. हार्मोनिक्स २.२, ३.३, ४.४. दोन्ही कंगवे एकत्र येतील ते थेट ११ किलोहर्ट्झला.

नॉचफिल्टर

हे जास्त बरं. माझ्या डोक्यात नवं यंत्र होतं.

खरखर

केलं. अंगावर काटा आला.

२.२ ला एक ओळ, ३.३ ला त्याहून बारीक, पुढे काही नाही. आणि त्यांच्यापासून वेगळ्या उभ्या, उंच: १.०००, २.०००, ३.०००, ४.०००, पार वरपर्यंत. १.००० वाली आधी दिसतच नव्हती, आता नॉचच्या कडेतून डोकं काढून बसली आहे. प्रीअ‍ॅम्प निर्दोष!

मल्टीमीटर_मावशी

वा! पुराव्यानिशी सुटका.

लॅपटॉप चार्जरवर आहे का? बॅटरीवर करून बघ.

खरखर

मावशी, बॅटरीवर ०.०१९. कमी झालं, पण गेलं नाही. लॅपटॉपला अर्थच नसताना लूप राहतोच कुठे?

मल्टीमीटर_मावशी

लॅपटॉपला आणखी काय काय लावलंय ते सगळं लिही. सगळं.

खरखर

माउस (बिनतारी), अ‍ॅडॉप्टर, आणि बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने.

अरे. मॉनिटरचा प्लग तीन पिनी आहे, म्हणजे अर्थ तिथून येतेय.

फ्यूज_उडाला

सोपा उपाय: यंत्राच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, लूपच तुटेल. मी एका जुन्या ऑसिलोस्कोपला तसंच केलंय.

मल्टीमीटर_मावशी

हा प्रतिसाद कोणीही अमलात आणू नये. चाळीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मर आणि मेन्स फिल्टर असलेल्या धातूच्या खोक्याची अर्थ काढायची? त्या फिल्टरमधले मेटलाइज्ड पेपरचे कपॅसिटर तडकून धूर सोडतात, हे जुन्या यंत्रांचं रोजचं दुखणं. माझ्या एका यंत्राने भर दुपारी खोली पिवळ्या धुराने भरली होती. त्या वेळी खोक्याला हात असता आणि अर्थ नसती तर इथे टाइप करत नसते. फ्यूज_उडाला, तुझं सदस्यनाम तुला शोभतं, पण ती पिन आजच्या आज परत लाव.

फ्यूज_उडाला

लावतो मावशी. 🙏

दशांश

लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा, मेन्सच्या नाही. दोन जागा आहेत.

एक, ८९०३बी च्या पुढच्या पॅनलवर इनपुट आणि सोर्सजवळ फ्लोटचे स्विच आहेत. बनवणाऱ्यांना हे दुखणं तेव्हाच ठाऊक होतं. इनपुटचा फ्लोटवर टाका, म्हणजे त्याची ग्राउंड खोक्यापासून सुटी होईल.

दोन, यूएसबीत आयसोलेटर (दोन्हीकडच्या तारा न जोडता डेटा पलीकडे पोचवणारी डबी). एडीयूएम४१६० चिपवाले मिळतात, ते १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडपर्यंतच चालतात. तुमचा अ‍ॅडॉप्टर फुल-स्पीड आहे, चालून जाईल. ४८० मेगाबिटवालं काही त्यामागे लावून 'डिव्हाइस दिसत नाही' म्हणून नवा धागा काढू नका. आणि त्यातला छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर स्वतःही थोडी किणकिण करतो, म्हणून आयसोलेटर लॅपटॉपच्या टोकाला ठेवा, मोजणीच्या तारांजवळ नको.

खरखर

आज निवांत बसलो. १.१ किलोहर्ट्झ, चार्जर आणि मॉनिटर दोन्ही लावून:

काही न करता ०.०३४
फक्त फ्लोट ०.०१७
फक्त आयसोलेटर ०.०१४
दोन्ही ०.०१३

चौथ्या आकड्याला केबल उपटून, खोचून बघितलं. सुई हलत नाही (सुई नाहीये, पण कळलं ना).

गंमत म्हणजे याआधी महिनाभर मी दुसऱ्या एका अ‍ॅम्पची मापं लॅपटॉप शेजारी ठेवून घेतली होती, तीही यूएसबी साउंडकार्डाने. ती सगळी फाइल आता लाल रंगात रंगवली आहे.

वाचनमात्र

माझ्याकडे असं काही नाही म्हणालो होतो ना? आजच एक मोजयंत्र घरी आलं. युरोपियन बनावटीचं, मॅन्युअल नाही. मागे जीपीआयबी नाही वाटतं, २५ पिनी डी-आकाराचा पोर्ट आहे, संगणकाच्या जुन्या सीरियल पोर्टसारखाच. मावशींचा प्रतिसाद वाचून खऱ्या आरएस-२३२ ची केबल काढून ठेवली आहे. रात्री जोडतो.

दशांश

थांबा! जोडू नका!

पोर्टजवळ काय छापलंय ते आधी वाचा. युरोपात याच बसचं मानक आयईसी ६२५ नावाने आलं, त्यात २४ पिनी कनेक्टरऐवजी २५ पिनी डी-सब वापरला होता. म्हणजे तुमचा 'सीरियल पोर्ट' मुळात जीपीआयबी असू शकतो. त्याच्या तारा ५ व्होल्टच्या लॉजिकच्या. आरएस-२३२ चे उणे बारा, अधिक बारा तिथे घुसले तर आतली ड्रायव्हर चिप जाईल.

वाचनमात्र

टॉर्च मारून पाहिलं. धुळीखाली बारीक अक्षरांत 'आयईसी ६२५ बस' लिहिलंय.

केबल परत कपाटात ठेवली. हात थोडे थरथरतायत. २५ पिनीवरून २४ पिनीवर जायची केबल मिळते का बनवावी लागते?

सोल्डरधारी

तयारही असते, पण बनवलेली बरी. पिना दोन्हीकडे एकास एक नाहीत, मधूनच एकेक सरकतात, तेव्हा अंदाजाने जोडू नका. आणि २४ पिनी टोकाचे स्क्रू बघून घ्या: काळे मेट्रिक, चंदेरी इंची आट्यांचे. जबरदस्तीने फिरवलेत तर दोन्हीकडचे आटे जातील. दोन्ही कनेक्टरांचे फोटो टाका, पिनांचा तक्ता रात्री लिहून देतो.